आधी, नंतर आणि मधलं घर

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे. सुरुवातीला एक जुनं घर दिसतं. पोपडे निघालेली भिंत, काळपट माजघर, कोपऱ्यात पत्र्याची पेटी. रंग मुद्दाम मळकट केलेले, मागे संगीत नाही. मग कोणीतरी हवेत टिचकी वाजवतं आणि तेच घर उजळून निघतं. छतात काच, एक सबंध भिंत काचेची, पांढरी फरशी, कुंडीत मोठ्या पानांचं झाड, लाकडी बाकावर पुस्तक वाचणारी एक बाई. खाली ओळ येते: आजोबांच्या घराला दिलेलं पर्यावरणपूरक नवं रूप.

हा व्हिडिओ मी यवतमाळच्या आमच्या घरी, छपरीत बसून मोठ्या आईला दाखवला. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. मे महिना, दुपारचे तीन. तिने तो दोनदा पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण एवढी काच पुसते कोण? अन् एवढं ऊन घरात घेतलं, तं मंग ते जाते कुठं?"

घरांच्या कायापालटाच्या व्हिडिओंवर यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. हा लेख म्हणजे तिच्या दोन प्रश्नांचा विस्तार आहे. तो करण्याची मला गरज होती, कारण आमच्याही घराचं काय करायचं हे त्या उन्हाळ्यात ठरायचं होतं. दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, जुनं पाडून स्लॅबचं घर हवं होतं. बाबांना काहीच पाडायचं नव्हतं. आणि मी पुण्यात बसून दोघांना असे व्हिडिओ पाठवत होते.

*

या व्हिडिओंना मी एक वाङ्मयप्रकार मानते. त्याला ठरलेले संकेत आहेत. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात तसे इथे 'आधी' आणि 'नंतर' असतात. फरक इतकाच की कीर्तनातला पूर्वरंग सोडून दिला तर उत्तररंगाला अर्थ उरत नाही, आणि इथे 'आधी'चं काम फक्त लाज वाटायला लावण्याचं असतं. 'आधी'च्या घरात माणूस कधीच दिसत नाही. तिथे कोण राहत होतं, कुठे झोपत होतं, भिंत इतकी जाड का, खिडकी इतकी लहान का, याची विचारपूस नसते. आणि 'मधलं' तर नसतंच. म्हणजे मलबा कुठे टाकला, गवंड्याला किती दिवस लागले, पहिल्या पावसात कुठे गळलं, पैसे कुठून आले. घर खरं त्या मधल्या भागात घडतं, आणि तोच भाग कापलेला असतो.

दुसरा संकेत उजेडाचा. या प्रकारात चांगलं घर म्हणजे उजेडाचं घर. जितका जास्त, तितकं चांगलं. ही कल्पना आली ती अशा देशांतून, जिथे वर्षातले कित्येक महिने सूर्य दुपारीच कलतो आणि घरात शिरलेलं ऊन ही कमाई असते. तिथे काचेतून ऊन आत घेणं आणि उष्णता आत कोंडणं हेच शहाणपण आहे. काचेची करामतच ती. सूर्याचा प्रकाश ती आत येऊ देते, आणि त्याने तापलेल्या फरशी-भिंतींची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. यवतमाळला मे महिन्यात पारा ४४-४५ च्या आसपास जातो. इथे छताला काच लावणं म्हणजे घरात राहायला जाण्याआधी त्याचं ग्रीनहाऊस करणं.

मराठीत या गोंधळाला खरं तर जागा नाही. आपल्याकडे 'ऊन' वेगळं आणि 'उजेड' वेगळा. ऊन अंगाला लागतं, उजेड डोळ्यांना. ऊन अडवायचं आणि उजेड घ्यायचा, हे विदर्भातल्या घराचं सगळं व्याकरण आहे. मोठ्या आईने उजेड कुठे जातो असं विचारलं नव्हतं. ऊन कुठे जातं असं विचारलं होतं.

*

तेव्हा 'आधी'चं घर जरा नीट वाचू या.

आमचं घर मातीचं. आजोबांनी स्वातंत्र्याच्या आसपास बांधलेलं. पुढे छपरी, मग माजघर, त्याच्या बाजूला दोन खोल्या, मागे सैपाकघर आणि त्यामागे सांदवाडी. खांब आणि मयाली सागाच्या. पुढच्या उतारावर इंग्रजी कवेलू, म्हणजे बाकी महाराष्ट्र ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते. मागच्या उतारावर कुंभाराकडची देशी कवेलू. भिंती दीड हात जाड.

ही माती शेतातली नाही. मराठीत जमिनीचे दोन जुने शब्द आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गाव जिथे वसतं ती. शब्द पंचायतीच्या कागदात रुजले, पण त्यात बांधकामाचंही ज्ञान आहे. कापसाची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिची भिंत टिकत नाही आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर पक्की भिंतही तडकते. म्हणून भिंतीला पांढरी माती आणि पायाला मुरूम लागेपर्यंत खोदकाम. आमच्या मागच्या गल्लीतल्या नव्या बंगल्याच्या भिंतींवर तिरप्या भेगा आहेत. मालक सिमेंटला शिव्या घालतो. मला वाटतं, त्याने खालच्या मातीला विचारायला हवं होतं.

जाड मातीची भिंत उष्णता अडवत नाही, उशीर लावते. दुपारचं ऊन भिंतीच्या आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते, दारं उघडी टाकता येतात. कवेलू तापतात, पण त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब याच्या उलट वागतो. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. रात्री अकराला पंखा लावल्यावर अंगावर जी भट्टी उतरते ती स्लॅबखाली झोपलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग कूलर येतो. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण तो पाणी पितो. आणि यवतमाळने २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटलेली पाहिली आहेत. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या शहरात कमी कूलर लागणारं घर ही हौसेची गोष्ट राहत नाही.

उजेडाचं काय? सरकारच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये एक उपयोगी आकडा आहे. खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत उघडणारी दारं-खिडक्या किती हव्यात, तर कोरड्या-उष्ण हवामानात किमान १० टक्के आणि संमिश्र हवामानात १२.५ टक्के. संहिता मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, आमच्या घराला ती लागू नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीला बारा ते पंधरा चौरस फूट पुरतात, म्हणजे एक बरी खिडकी आणि एखादा झरोका. सबंध भिंत काचेची करा असं उष्ण प्रदेशातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. आमच्या माजघरात मात्र एवढंही नव्हतं. एक देवळी, एक दार आणि छपराजवळ वीतभर झरोका.

*

इथे मला थांबायला हवं, कारण जुन्या घराची बाजू घेताना हात आपोआप सैल सुटतो.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली सावल्यांची स्तुती करणारा एक निबंध लिहिला. जुन्या जपानी घरातला काळोख, कागदी पडद्यातून झिरपणारा उजेड, लाखेच्या भांड्यावरची चकाकी यांवरचा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना तो हमखास वाचायला देतात. त्याबद्दलचा एक किस्सा इंग्रजी अनुवादाच्या उपसंहारात येतो. तानिझाकींना घर बांधायचं होतं, तेव्हा वास्तुविशारद म्हणाला, मी तुमचा निबंध वाचलाय, तुम्हाला काय हवं ते मला ठाऊक आहे. तानिझाकी म्हणाले, छे, तसल्या घरात मी राहू शकणार नाही.

हा किस्सा ढोंग उघडं पाडणारा म्हणून सांगतात. मला तो प्रामाणिक वाटतो. काळोखावर सुंदर लिहिता येतं, पण त्यात कोणाला बसवायचं हा वेगळा प्रश्न असतो. आमच्या घरातला काळोख सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नव्हता. छपरीत उजेड होता, वारा होता, रस्ता दिसत होता. तिथे पुरुष बसत. मागच्या सैपाकघरात खिडकी नव्हती, चूल होती आणि वरच्या कवेलूंवर काजळीचा थर होता. मोठी आई लग्न होऊन आली आणि तीसेक वर्षं त्या धुरात उभी राहिली. तिच्या डोळ्यांचं पाणी आम्ही मुलं कांद्यावर ढकलत असू. ऊन अडवायला माजघर अंधारं ठेवलं हे खरं आहे. बायका दिसू नयेत म्हणूनही ते अंधारं ठेवलं, हेही तितकंच खरं आहे. एकाच भिंतीने दोन्ही कामं केली. आणि मागच्या दाराने कोण यायचं, छपरीच्या पायरीपर्यंत कोणी थांबायचं, ही जातीची मोजमापंही त्याच नकाशात होती. हवामानाला शहाणं असलेलं घर माणसांच्या बाबतीत शहाणं असेलच असं नाही.

*

या टप्प्यावर कुठल्याही मराठी वाचकाला 'वाडा चिरेबंदी' आठवणारच. महेश एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. १९८५ साली विजया मेहतांनी हे नाटक रंगभूमीवर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी त्रयी पूर्ण केली, आणि चंद्रकांत कुलकर्णींनी ती सलग नऊ तासांत सादर केली. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा पडझडीला आलेला वाडा, वडिलांची तेरवी, मुंबईहून आलेला सुधीर, गावी राहिलेला भास्कर, घरासाठी राबणारा चंदू, शिकायचं राहून गेलेली प्रभा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. या नाटकातला वाडा हे सरंजामी व्यवस्थेचं प्रतीक आहे, असं आपण परीक्षेत लिहितो.

ते चूक नाही. पण प्रतीक म्हणून पाहता पाहता आपण वाड्याकडे इमारत म्हणून पाहायचं विसरलो, अशी माझी तक्रार आहे. गळणारं छप्पर ही आधी एक दुरुस्तीची बाब असते. देशपांड्यांच्या घरात तेरवीला गाव जेवू घालायचं की नाही यावर वाद होतो, सोन्यावर होतो, वाट्यावर होतो. वाडा इभ्रत म्हणून राखायचा किंवा ओझं म्हणून टाकून द्यायचा, या दोन टोकांमध्ये घर कायम हेलकावत राहतं. तो राहण्याजोगा करायचा म्हटलं तर कोणी कोणती खोली सोडायची, कोणी हाताने काम करायचं, प्रभाला टेबल टाकायला जागा कुठे, हे तिसऱ्या वाटेचे प्रश्न त्या घराला विचारताच येत नाहीत. हाताने काम करतो तो एकटा चंदू, आणि त्याला घरात आवाज नाही. वाडा पडतो तो जुना झाला म्हणून नव्हे. त्याची दुरुस्ती करायची तर आधी नात्यांचा नकाशा बदलावा लागला असता, आणि तो बदलायची कोणाची तयारी नव्हती.

आणखी एक गोष्ट. आपल्या नाटक-सिनेमात, पर्यटनाच्या जाहिरातीत आणि आता या व्हिडिओंतही जपण्याजोगं जुनं घर म्हणजे वाडा. चिरेबंदी, कोरीव खांबांचा, चौसोपी. मातीच्या घरावर त्रयी झाली नाही. ते नुसतं पाडलं जातं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत बहुतेक घरं मातीची होती. आज आमचं धरून दोन उरली आहेत. बाकीच्यांवर कोणी हळहळ व्यक्त केल्याचं मला आठवत नाही.

*

यवतमाळहून दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. मातीच्या घराला प्रतिष्ठा मिळालेली आपल्याकडची ही बहुधा सगळ्यात प्रसिद्ध जागा. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले. पहिलं घर बांधताना अट अशी होती की साहित्य परिसरातलंच वापरायचं आणि खर्च ५०० रुपयांच्या आत ठेवायचा. पुढे ते ज्या कुटीत राहिले ती आधी मीराबेनची. तिच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठावाची ताडाची झाडं आणि चरखा काढला आहे. बांबू, माती, कवेलू, खाली सारवलेली जमीन. मे महिन्यातल्या दुपारी तिथे जाऊन बसा. पंखा नसताना बसवतं. उजेडही पुरेसा आहे, कारण खिडक्या बसलेल्या माणसाच्या उंचीवर आहेत आणि पडवीच्या खाली आहेत. ऊन बाहेर थांबतं, उजेड आत येतो.

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. त्या कुटीत बसून त्यांना जे सुचलं त्यावर त्यांनी केलेलं भाषण प्रसिद्ध आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की आपण आता घरं माणसांसाठी कमी आणि सामानासाठी जास्त बांधतो. सामान सुरक्षित राहावं अशा खोक्यात मग माणूस स्वतःला बसवून घेतो. कायापालटाच्या व्हिडिओतल्या त्या रिकाम्या, पांढऱ्या खोल्या पाहताना मला इलिच उलट्या बाजूने आठवतात. तिथे सामानही नाही आणि माणूसही नाही. ते घर कॅमेऱ्यासाठी बांधलेलं आहे.

लॉरी बेकर मुंबईत गांधीजींना भेटले ते १९४० च्या दशकात, मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत असताना. आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याचं असावं, हे त्यांनी गांधीजींकडून ऐकलं आणि पुढे आयुष्यभर त्याचा अर्थ लावत बसले. त्यांनी कुटीची नक्कल केली नाही, हे महत्त्वाचं. विटा उभ्या लावून आत पोकळी सोडणारी भिंत, ज्यात सुमारे पाव हिश्श्याच्या विटा वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते. विटांची जाळी, जिच्यातून उजेड आणि वारा येतो पण ऊन चाळून येतं. आणि स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथे टाकाऊ कौलं भरून सिमेंट वाचवणं. वर्ध्याजवळच १९७६ साली देवेंद्रकुमारांनी सुरू केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनेही हाच धागा पकडला. कुंभाराने केलेल्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत बसवून त्यांनी कमानीची छपरं उभी केली. त्यांना लाकूडही लागत नाही आणि लोखंडही.

पण सेवाग्रामलाही प्रश्न विचारायला हवेत. कुटीची जमीन दर काही दिवसांनी कोणीतरी सारवतं. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावी लागतात, म्हणजे सगळी उतरवून, फुटकी काढून, पुन्हा बसवावी लागतात. आश्रमात त्यासाठी माणसं आहेत. घराघरांत हे काम बायकांचं होतं, आणि सारवणाच्या सौंदर्याबद्दल लिहिणाऱ्यांच्या गुडघ्यांचं नव्हतं. ज्याने आपणहून साधेपणा निवडला त्याची मातीची कुटी आणि ज्याला दुसरं परवडलं नाही त्याचं मातीचं घर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारी भाषेत तर दोन्ही एकच: कच्चं. माती आणि गवत, बांबू, हे कच्चं. वीट, सिमेंट, स्लॅब हे पक्कं. घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्याने ते घ्यावेतच. पण त्या दोन शब्दांनी भाषेतच निकाल लावून टाकला. दादा एका बँकेत कर्जाची चौकशी करायला गेला, तेव्हा तिथल्या माणसाने घराचे फोटो पाहून सांगितलं की पाडून बांधणार असाल तर बोलू, कच्च्या घराच्या दुरुस्तीला काही होणार नाही. दादाचा स्लॅबचा हट्ट मला मागासलेपणा वाटत होता. त्या दिवशी कळलं की तो हट्ट नव्हता, हिशोब होता.

*

आता 'पर्यावरणपूरक' या शब्दाकडे. व्हिडिओंत तो झाडाच्या कुंडीला, सौर दिव्याला आणि बांबूच्या दिवाणाला लागतो. पाडलेल्या घराला लागत नाही. खरं तर हिशोब तिथून सुरू व्हायला हवा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७-८ टक्के सिमेंटच्या वाट्याचा आहे. चुनखडक भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, त्याचं इंधन वेगळं आणि दगडातून सुटणारा वायू वेगळा. चुना भाजायला सुमारे ९०० अंश पुरतात, आणि भिंतीवर सुकताना तो हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड परत घेतो. जे घर उभं आहे त्याच्या भिंतींचा खर्च निसर्गाने केव्हाच भरलेला आहे. ते पाडून हिरवं घर बांधणं म्हणजे ताटातलं टाकून उपास धरणं.

पाच मैलांचा नियम आज यवतमाळला लावला तर काय सापडतं? गंमत अशी की सिमेंट आता जिल्ह्यातच होतं, मुकुटबनला. वणीकडे राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. म्हणजे अंतर हा एकटा निकष पुरत नाही. दुर्मीळ झालं आहे ते साहित्य नव्हे, हात. चुन्याचं काम येणारा गवंडी आम्ही दोन महिने शोधत होतो. शेवटी सापडले ते पंचाहत्तरीचे, आणि त्यांच्या मुलाने आमच्या घरी पहिल्यांदा वडिलांच्या हाताखाली चुना मळला.

चुना का, तर आधी एकदा हात पोळले होते. दहा वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला ओल दिसली म्हणून एका ठेकेदाराने तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून दिला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्यात गिलावा पापडासारखा सुटून खाली आला, आणि त्याच्यासोबत वीतभर मातीही. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत साचते आणि भिंत आतून भिजते. आमच्या 'पक्कं' करण्याच्या प्रयत्नातच ती भिंत कच्ची झाली.

*

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, पण आदर्श म्हणून नाही. पुढचा भाग ठेवला. सागाचे खांब धुऊन तेल लावल्यावर तसेच निघाले. पुढच्या उताराची कवेलू नव्याने बसवली आणि माजघरावर, उत्तरेच्या बाजूला, दोन काचेची कवेलू घातली. त्यांचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर फिरतो. त्या दोन कवेलूंनी जे केलं ते काचेच्या भिंतीला जमलं नसतं. मागचा उतार मात्र गेला. बाबांना ते लागलं. पण वानरांची टोळी दर आठवड्याला उड्या मारून कवेलू फोडायची, आणि सत्तरीतले बाबा शिडीवर चढायचे. तिथे दादाला त्याचा स्लॅब मिळाला, बेकर पद्धतीचा, पोटात आमचीच इंग्रजी कवेलू भरलेला. खालून पाहिलं की छतात ती दिसतात. वरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला. मे महिन्यात त्या खोलीत माजघराइतकं थंड नसतं. हेही लिहायला हवं.

संडास घरात आला. सांदवाडीतला अंधारा कोपरा संपला. खर्च दादाने ठरवला होता त्याहून जास्त झाला, वेळ दुप्पट लागला, आणि अजून सैपाकघराच्या एका कोपऱ्यात गळतं.

सैपाकघराची खिडकी कुठे घ्यायची यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. मी पूर्वेला म्हणत होते, सकाळचा उजेड येईल म्हणून. दादा उत्तरेला म्हणत होता, ऊन येणार नाही म्हणून. आम्ही दोघं नकाशावर वाद घालत असताना मोठी आई म्हणाली, "तिथं कुठंबी घ्या. मले एक खिडकी माजघरातून छपरीकडे पायजे. कोण आलं, कोण गेलं, मले दिसलं पायजे."

ती भिंत हवामानाच्या दृष्टीने फोडायची गरज नव्हती. आमच्या कुठल्याच यादीत ती नव्हती, आणि मी पाठवलेल्या कुठल्याही व्हिडिओत तशी खिडकी नव्हती. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग गवंडीकाकांनी भिंतीची जाडी मोजली आणि विचारलं, किती उंचीवर? मोठी आई भिंतीला टेकून खाली बसली आणि हात वर करून दाखवला.

'नंतर'चा फोटो मी अजून काढलेला नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा त्या खिडकीच्या खाचेत तिचा चष्मा, औषधाची पट्टी आणि निवडायला घेतलेल्या लसणाचं ताट होतं. काच नाही, नुसते लाकडी गज आहेत. ते ती स्वतःच पुसते.